उरेब

माझे बाबा न्हावा शेव्याला फोर्कलिफ्ट चालवतात. बंदराच्या आत नाही. बंदरातून आलेले कंटेनर जिथे उघडून रिकामे करतात, त्या बाहेरच्या यार्डांपैकी एकात. मी तिथून तासाभराच्या अंतरावर ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाईनला आहे. बाबा जे उतरवतात त्यातलंच काही पुढे माझ्या टेबलावर आकडे होऊन येतं, हे आम्हा दोघांच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

एकदा रात्री जेवताना ते म्हणाले, "आज पत्र्याच्या कॉईल होत्या. एकेक चार टनाची. पत्रा एवढा पातळ की वहीचं पुठ्ठं जाड वाटेल. आणि गुंडाळलेल्या अशा, जसं काय आत सोनं आहे."

मी विचारलं, "लेबलवर सीआरजीओ लिहिलं होतं का?"

"लेबल कोण वाचतं? आम्ही एवढंच बघतो की कॉईलचं भोक कुठल्या दिशेला आहे. आभाळाकडे असलं तर ठीक. भिंतीकडे असलं आणि पाचर निघाली, तर ती घरंगळते. चार टन घरंगळायला लागले की फोर्कलिफ्टवाल्यानं उडी मारायची, बस."

म्हणजे बाबांचाही पहिला प्रश्न दिशेचाच होता. मी मात्र कॉलेजची पदवी घेऊन, कंप्युटरवर मॉडेल चालवून, नेमकी दिशेतच चुकले होते. त्या चुकीची किंमत मी भरली नाही. दुसऱ्याच कुणीतरी भरली. ती गोष्ट इथे सांगायची आहे.

*

आधी हा पत्रा काय असतो ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खांबावर जो ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, त्याच्या पोटात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांची वेटोळी असतात, आणि त्या वेटोळ्यांमधून जाणारा लोखंडी गाभा असतो. तो गाभा म्हणजे एक ठोकळा नाही. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्यांच्या शेकडो पट्ट्या एकावर एक रचून तो भरतात. कारखान्यात त्या पट्टीला सगळे 'पत्ती' म्हणतात.

वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेते, आणि प्रत्येक आवर्तनात त्या लोखंडाला एकदा इकडे आणि एकदा तिकडे चुंबक व्हावं लागतं. या उलटापालटीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाव झोपलेलं असो, सगळे दिवे बंद असोत, ट्रान्सफॉर्मर लाईनला जोडलेला आहे तोवर ही गळती चालूच. तिला नो-लोड लॉस म्हणतात. ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षं चालतो, म्हणजे ही गळतीही तेवढी वर्षं चालते. ती कमी करायची म्हणून हा महागडा पत्रा.

त्याची युक्ती दिशेत आहे. लोखंडाचा स्फटिक घनाकृती असतो. साखरेचा चौकोनी खडा डोळ्यांपुढे आणा. १९२६ मध्ये जपानमध्ये कोतारो होंडा आणि सेइजी काया यांनी लोखंडाच्या एकेका स्फटिकावर मोजून दाखवलं की तो सगळ्या दिशांनी सारखा चुंबक होत नाही. घनाच्या कडेच्या दिशेनं चटकन होतो. पृष्ठभागाच्या कर्णाच्या दिशेनं त्याहून अवघड. आणि घनाच्या एका कोपऱ्यापासून थेट पोटातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणारा जो कर्ण, त्या दिशेनं सगळ्यात अवघड.

साध्या पत्र्यात असे अगणित स्फटिक वाटेल तसे विखुरलेले असतात. १९३४ साली नॉर्मन गॉस या अमेरिकन माणसाला एका पद्धतीचं पेटंट मिळालं. तीन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेलं लोखंड थंड अवस्थेत लाटायचं, तापवायचं, पुन्हा लाटायचं, पुन्हा तापवायचं. पुढे ही पद्धत मुरत गेली. शेवटच्या भट्टीत, १,२०० अंशांच्या आसपास, एक विलक्षण गोष्ट घडते: नेमके काही स्फटिक शेजारच्यांना गिळत वाढतात, आणि हे वाढणारे सगळे एकाच ठेवणीचे असतात. त्यांची एक कड पत्रा ज्या दिशेनं लाटला त्याच दिशेला लागलेली असते. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतील एवढे ते मोठे होतात.

म्हणून या पत्र्याला एक दिशा असते. त्या दिशेनं चुंबकत्व वाहिलं तर गळती फार कमी. भारतात हा पत्रा नाशिक जिल्ह्यात बनतो, पण गरजेपेक्षा कमी. बराचसा जहाजानं येतो, आणि त्यातला काही बाबांच्या फोर्कलिफ्टच्या दातांवर.

*

आता माझी चूक.

पत्र्याबरोबर जे प्रमाणपत्र येतं, त्यावरचा आकडा लाटण्याच्या दिशेचा असतो. १.७ टेस्ला, ५० हर्ट्झ, इतके वॅट दर किलोला. पण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकत्वाला वळावं लागतं. तीन फेजचा गाभा म्हणजे तीन उभे खांब आणि वर-खाली दोन आडव्या तुळया. खांबातली पत्ती उभी, तुळईतली आडवी. जिथे त्या भेटतात तिथे दोन्ही ४५ अंशांत कापून जोडतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रत्येक पत्तीत प्रवाह आपल्या दिशेनंच राहतो. मधला खांब तुळईला मिळतो त्या नाक्यावर मात्र हे साधत नाही. तिन्ही फेज एकमेकींच्या मागे-पुढे असल्यामुळे तिथली चुंबकत्वाची दिशा एका आवर्तनात फिरत राहते. कधी पत्तीच्या सोबत, कधी आडवी, कधी तिरकी.

त्या नाक्यावरची गळती काढायला मी एक मॉडेल लिहिलं. लाटण्याच्या दिशेचे आकडे माझ्याकडे होते. काटकोनातले, म्हणजे आडव्या दिशेचे, एका जुन्या चाचणीतून मिळाले. मधल्या कोनांचं काय? मी तेच केलं जे पुष्कळ जण वर्षानुवर्षं करत आले: दोन आकड्यांमधून लंबवर्तुळ काढलं. एका टोकाला सोपी दिशा, दुसऱ्या टोकाला अवघड दिशा, मध्ये हळूहळू चढत जाणारी वक्ररेषा. दिसायला सुंदर. मॉडेल अडखळतही नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर तयार झाला, चाचणीला गेला, आणि नो-लोड लॉस ग्राहकाला दिलेल्या हमीच्या वर निघाला.

बैठकीत मला विचारलं गेलं. मी लॅपटॉप उघडून माझी वक्ररेषा दाखवली आणि म्हणाले, "डिझाईनप्रमाणे एवढा यायला नको. जोडांमध्ये फटी राहिल्या असाव्यात." मग ते लेखी मागितलं गेलं. मी लिहिलं: 'कारण: कोअर असेंब्लीतील दोष.' चार शब्द. खाली माझी सही.

*

इथे थोडं घरातलं सांगायला हवं.

माझे आजोबा मिठागरावर काम करायचे. आता जिथे कंटेनरचे डोंगर दिसतात त्या बाजूला तेव्हा पांढरे ढीग मिठाचे होते. जमिनींच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे इकडची गावं उभी राहिली, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला आणि पाच जण गेले. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. आजोबा गर्दीत होते एवढंच ते सांगायचे. पण त्या सगळ्यातून त्यांनी एक गोष्ट घरात ठेवली. ते म्हणायचे, "काय झालं ते महत्त्वाचं नाय. कागदावर काय लिवलंय ते महत्त्वाचं. आणि कागद आपल्यातला कुणी लिवत नाय."

मला शिकवलं ते याच हट्टानं. घरातलं कुणीतरी कागद लिहिणारं व्हावं. मी झाले. आणि कागद लिहायची वेळ आली तेव्हा मी काय लिहिलं, ते वर सांगितलंच.

गाभा भरणाऱ्या टोळीचे मुकादम पन्नाशी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. त्यांच्या हाताखाली पाच जण, सगळे ठेकेदाराचे. माझ्या चार शब्दांनंतर त्यांना गाभा खोलून पुन्हा भरायला लावलं. तीन दिवस, ओव्हरटाईमशिवाय. काका काही बोलले नाहीत. ते पत्ती उचलतात ती दोन्ही हातांनी, कडेला धरून, वाकू न देता, कारण पत्ती वाकली की तिचा गुण जातो. त्या तीन दिवसांतही तशीच उचलत होते.

पुन्हा चाचणी झाली. लॉस थोडा उतरला, पण हमीच्या आत आला नाही. महिन्याअखेर टोळीतल्या सगळ्यात लहान पोराला ठेकेदारानं दुसऱ्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दोष निघाला होता. कुणीतरी जायला हवं होतं.

*

आई घरी ब्लाऊज शिवते. त्या रविवारी मी तिच्या मशीनजवळ खाली बसले होते, काही न करता. तिनं गळ्याच्या गोठासाठी कापड काढलं आणि पट्टी तिरकी कापायला घेतली.

"सरळ काप ना. केवढं वाया जातंय," मी म्हटलं.

"काय गो, इंजिनीर झालीस तरी," ती म्हणाली. "गळ्याला उरेबच लागते. ही बघ." तिनं एक तुकडा हातात घेऊन उभा ओढला. हलला नाही. आडवा ओढला. किंचित हलला. मग तिरका, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढला, आणि तो रबरासारखा लांबला. "उभा धागा घट्ट, आडवा त्याहून जरा सैल. पण सगळ्यात सैल काय, तर उरेब. मधे."

मी तो तुकडा तिच्याकडून घेतला आणि किती वेळ ओढत बसले कोण जाणे.

माझ्या लंबवर्तुळात हे कधीच येऊ शकत नव्हतं. उभ्याचा एक आकडा आणि आडव्याचा एक आकडा घेऊन मी गृहीत धरलं होतं की मधलं सगळं त्या दोघांच्या मधलंच असणार. कापड तसं नसतं. आणि पत्रासुद्धा तसा नसतो, हे मी खरं तर शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

तुमच्याजवळ ए-४ कागद असेल तर घ्या. त्याची आखूड बाजू आणि लांब बाजू यांचं प्रमाण एकास वर्गमूळ दोन असतं. घनाला त्याच्या एका पृष्ठभागाच्या कर्णातून उभा चिरला तर जो आयत मिळतो, त्याचंही प्रमाण नेमकं हेच. गॉसच्या पत्र्यात प्रत्येक स्फटिक असाच बसलेला असतो: हा आयत पत्र्याच्या पातळीत. आखूड बाजू म्हणजे घनाची कड, लाटण्याची दिशा, सगळ्यात सोपी. लांब बाजू म्हणजे पृष्ठभागाचा कर्ण, आडवी दिशा, अवघड. आणि त्या कागदाचा कर्ण म्हणजे घनाचा पोटातला कर्ण. सगळ्यात अवघड. कोनमापक ठेवून बघा, आखूड बाजूपासून तो ५५ अंशांच्या जरासा आत येतो.

स्फटिकाला सोप्या दिशेवरून वळवायला लागणारी ऊर्जा मोजली तर सोप्या दिशेला ती शून्य धरतात. त्याच मापानं आडव्या दिशेला एक चतुर्थांश येते, आणि त्या तिरक्या कर्णाला एक तृतीयांश. आडव्यापेक्षा तिरकं जास्त. दोन टोकांच्या आकड्यांतून रेघ ओढून हा मधला उंचवटा सापडत नाही. उंटाचं डोकं आणि शेपटी मोजून पाठ काढता येत नाही, तसंच.

*

शाळेत असताना आमची सहल अलिबागला गेली होती. समुद्र, किल्ला, आणि मग सरांनी चुंबकीय वेधशाळा दाखवली. तेव्हा कंटाळा आला होता. आता सारखी आठवते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला व्हायच्या, १८४१ पासून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेनं नोंदी बिघडतील म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली काम अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे जुन्या नोंदींची नव्यांशी नीट सांधेजोड व्हावी. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला दगड पारखून आणला.

सर म्हणाले होते, "चुंबकत्वाला दोन प्रश्न विचारायचे असतात. किती, आणि कुठे." मी त्या पत्र्याला एकच प्रश्न विचारला होता. आणि काकांना तर तोही नाही.

*

मैत्रीण एका कॉलेजात पीएचडी करते. तिच्या लॅबमध्ये एकेरी पत्रा तपासायचं यंत्र आहे. मी त्याच कॉईलच्या उरलेल्या पत्र्यातून वेगवेगळ्या कोनांत पट्ट्या कापून घेतल्या. शून्य, पंधरा, तीस असं करत नव्वदपर्यंत, आणि एक पंचावन्नची. कापताना कडेला ताण बसतो आणि आकडे बिघडतात, म्हणून त्या भट्टीत तापवून घेतल्या. दोन शनिवार गेले.

आलेख आला तो आईच्या कापडासारखा. फ्लक्स कमी असताना फारसं कळत नव्हतं; वाढवत नेला तसा पंचावन्नच्या आसपास उंचवटा वर आला, नव्वदच्याही वर. मी मॉडेलमधून लंबवर्तुळ काढलं आणि स्फटिकाचं खरं सूत्र घातलं, वर प्रत्येक स्फटिक थोडाफार वाकडा बसलेला असतो त्याचा हिशेब. मग तोच ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालवला. नाक्यावरची गळती वाढली. चाचणीतल्या आकड्याशी असलेलं अंतर बरंचसं भरून निघालं.

बरंचसं, सगळं नाही. उरलेलं कापण्याच्या ताणातून असेल, शिकंज्याच्या दाबातून असेल, थोडं खरोखर जोडातल्या फटीतूनही असेल. हे मी इथे लिहिते आहे, कारण नाहीतर गोष्ट फार गोंडस होईल: मशीनजवळ साक्षात्कार आणि सगळं स्वच्छ. तसं झालं नाही. पण मुख्य चूक पत्ती भरणाऱ्यांची नव्हती, मॉडेलची होती. मॉडेल माझं होतं.

मी नवा अहवाल लिहिला. 'आधीच्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा होता', असं पहिल्याच ओळीत. वरिष्ठांनी विचारलं, एवढं स्पष्ट लिहायची गरज आहे का. मी म्हटलं, पहिला स्पष्टच होता.

त्याची प्रत घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली. मला वाटलं होतं ते 'जाऊ द्या मॅडम' म्हणतील. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

ते म्हणाले, "यात त्या पोराचं नाव कुठे आहे?"

"अहवालात नावं लिहायची पद्धत नाही काका. आधीच्यातही नव्हतं."

"मग काढताना कसं कळलं, कुणाला काढायचं ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कामाला लागले.

*

मी ठेकेदाराशी बोलले. जागा भरली होती. वरिष्ठांशी बोलले. ठेकेदाराचा विषय आहे, ते म्हणाले. तपासणीच्या फॉर्मवर एक नवा रकाना मात्र मी घालून घेतला: जोडातली फट किती, आणि कुणी मोजली. त्यात नाव लिहावं लागतं. काकांच्या अक्षरातल्या नोंदी आता त्यात आहेत.

पोराचा नंबर काकांनीच दिला. तो आता न्हावा शेव्याकडेच एका यार्डात कंटेनरमधला माल बांधायचं काम करतो. पट्टे, साखळ्या, पाचरी. बाबांच्या यार्डात नाही, दुसऱ्या. मी फोन केला, नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. मागून ट्रेलरचे हॉर्न ऐकू येत होते.

"हां मॅडम," तो म्हणाला. "फट नव्हती हे माहीत होतं मला. मी फीलर घालून बघितलं होतं, प्रत्येक जोडाला. वहीत लिहूनपण ठेवलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग तोच म्हणाला, "मॅडम, एक काम होईल का? तिथल्या दीड वर्षाचा अनुभवाचा दाखला मिळेल? इथे दुसऱ्या कंपनीत भरती आहे, मागतायत."

तो कागद मी लिहिला. ठेकेदाराची सही मिळवायला तीन आठवडे लागले. त्यात त्याचं पूर्ण नाव आहे. कामाचं स्वरूप या रकान्यात दोन ओळी आहेत: ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरणे. जोडातील फटी मोजून नोंद ठेवणे.